"नवा जन्म" म्हटलं आणि ती दचकली: आपली श्रद्धा सांगताना समोरच्याला काय ऐकू जातं?

दिवाबत्ती
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहितेय कारण डोक्यातून जातच नाहीये. मी ख्रिस्ती, जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली, संडे स्कूल, युवक संघ, सगळं झालंय. ऑफिसात माझी एक जवळची मैत्रीण आहे, हिंदू घरातली. तिची आई दीड वर्ष अंथरुणाला होती, तीन आठवड्यांपूर्वी गेली. परवा मीटिंग संपली, बाकीचे उठून गेले आणि ही तशीच बसून राहिली, लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली तरी तिकडेच बघत. मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तिने स्वतःहूनच विचारलं, तुमच्यात मेल्यावर काय होतं असं मानतात गं?

आता युवक संघात आमच्याकडून याच प्रश्नाची तयारी करून घेतात. झालं, मी सुरू. येशूवर विश्वास ठेवला की माणसाचा नवा जन्म होतो, मग अनंतकाळचं जीवन मिळतं, वगैरे वगैरे, पाठ म्हटल्यासारखं, म्हणजे पाठच आहे ते मला. ती ऐकत होती आणि मग एकदम म्हणाली, "नको गं. परत जन्म नको. आईने काय काढलंय ते मी बघितलंय. आता सुटलीये ती, तिला परत कशात अडकवू नकोस."

मी गप्पच झाले. मला जे म्हणायचं होतं त्याच्या बरोब्बर उलटं तिला ऐकू गेलं आणि चूक तिची नव्हतीच, शब्दच तसे होते. तिच्या घरात नवा जन्म म्हणजे पुन्हा फेरा, माझ्या घरात नवा जन्म म्हणजे फेऱ्यातून सुटका, आणि दोघी मराठीतच बोलत होतो!

तर वेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसाशी तुम्ही या विषयावर कसं बोलता ते लिहा. आणि ज्यांना असं कोणी येऊन सांगितलंय त्यांनीही लिहा, उलट त्यांनीच आधी लिहा.

तर्ककर्कश
"त्यांनीच आधी" म्हटलंय म्हणून नारळ मी फोडतो. मी ख्रिस्ती नाही, खरं तर काहीच नाही, घरचे देव घरीच आहेत. हॉस्टेलला माझा रूममेट तुमच्यातला होता. चार महिने एका खोलीत काढले, माझ्या टेबलावर काय पुस्तकं असतात, मी देव मानतो की नाही, कशाने रडतो, काही म्हणजे काही विचारलं नाही. मी नापास झालो त्या रात्री साहेब पत्रक घेऊन हजर, वर छापलेलं होतं की तुमच्या जीवनात पोकळी आहे का. अरे पोकळी कसली, बॅकलॉग आहे!

मी नाही म्हटलं. त्याचा राग नाही. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला, त्याचा आहे. म्हणजे चार महिने मी कोण होतो, हा प्रश्न मला आजही पडतो.

चौथा कोपरा
तर्ककर्कश, तुमच्या रूममेटचं चुकलंच. पण एकाने चुकीच्या पद्धतीने सांगितलं म्हणून बाकीच्यांनी सांगायचंच नाही का? बायबलमध्ये मत्तय २८ ला येशूची स्पष्ट आज्ञा आहे, जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. प्रेषित पौल तर म्हणतो की मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी दुर्दशा. मला आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मिळालीये असं मला खरंच वाटत असेल आणि तरी मी शेजारच्या माणसाला सांगत नसेन, तर मी त्याचा मित्र कसा? दिवाबत्तीताई, तुम्ही बोललात हे चांगलंच केलंत, शब्द चुकले तर चुकले, देव त्यातूनही काम करतो.

हरवलेलं मेंढरू
"शब्द चुकले तर चुकले." तीन आठवड्यांपूर्वी आई गेलेल्या मुलीसमोर. वा.

जुनी वही
भांडू नका रे. मी निवृत्त पाळक, म्हणजे पाद्री, आहे, नातवाकडून टायपिंग शिकतोय, चुका पोटात घाला.

दिवाबत्तीताई, तुमच्या मैत्रिणीने जे केलं तेच निकदेमाने केलं होतं हे लक्षात आलं का तुमच्या? योहान अध्याय ३ काढा. येशू त्याला म्हणतो नव्याने जन्मल्यावाचून देवाचं राज्य दिसत नाही, आणि हा एवढा मोठा धर्मशास्त्री म्हणतो, म्हातारा झालेला माणूस परत आईच्या पोटात कसा जाईल? मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे, आनोथेन, त्याचे दोन अर्थ होतात, "पुन्हा" आणि "वरून". येशू वरून म्हणतोय आणि निकदेम पुन्हा ऐकतोय. बरं, लगेच पुढच्या अध्यायात येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी बाई. तो म्हणतो जिवंत पाणी देईन, त्या भाषेत जिवंत पाणी म्हणजे वाहतं पाणी, झऱ्याचं, तर ती म्हणते दादा तुमच्याकडे पोहरा नाही, विहीर खोल, पाणी काढणार कशाने? (दादा मी घातलं, तिथे महाराज आहे.)

म्हणजे लागोपाठ दोन अध्यायांत दोन माणसं, एक रात्री आलेला शिकलेला पुरुष, एक भर दुपारी एकटी आलेली बाई, आणि दोघांनाही पहिलं वाक्य उलटंच ऐकू गेलं. येशूने काय केलं ते बघा. निकदेमाला वारा दाखवला, वाहतो पण कुठून आला कळत नाही. बाईशी तिच्या घरच्या गोष्टीवर आला. पाठ केलेलं परत मोठ्याने म्हणाला नाही. आपण मात्र तेच करतो, समोरच्याला कळलं नाही की तेच वाक्य जरा वरच्या पट्टीत.

दिवाबत्ती
जुनी वही काका, निकदेम मला पाठ आहे हो, पण माझी मैत्रीण निकदेम असेल असं कधी डोक्यात आलं नाही. मी कायम स्वतःलाच दुसऱ्या खुर्चीत बसवत होते.

अमावस्या
मी बौद्ध घरातली आणि ध्यानाला बसते, त्यामुळे "अनंतकाळचं जीवन" या दुसऱ्या शब्दाबद्दल लिहिते, पहिल्यावर सगळे बोलले. आमच्याकडे पहिलं आर्यसत्यच दुःख. जगण्यात दुःख आहे, तृष्णेतून ते येतं, तृष्णा विझली की ते विझतं. निब्बाण, म्हणजे निर्वाण, या शब्दातच विझणं आहे. आता अशा माणसाला कोणी आनंदाने येऊन सांगितलं की तुला कायमचं, कधीच न संपणारं जीवन मिळेल, तर त्याला ते बक्षीस वाटेल की जन्मठेप, तुम्हीच सांगा. मला एका बाईंनी इतक्या प्रेमाने सांगितलं होतं की मी हो हो करून ऐकून घेतलं, पण आतून वाटत होतं, बाई, हेच तर संपवायला बसतो ना आम्ही.

जुनी वही
अमावस्याताई, फार नेमकं पकडलंत. योहान १७ मध्ये येशू स्वतः सांगतो की अनंतकाळचं जीवन म्हणजे काय, तर तुला, म्हणजे पित्याला, ओळखणं. तिथे लांबीचा विषयच नाही, ओळखीचा आहे. पण आमच्या प्रवचनांत ते कॅलेंडरसारखं झालंय, न संपणारं. तुम्हाला तरीही पटणार नाही, कारण ओळखणारा "मी" आहे का इथूनच तुमचा माझा रस्ता वेगळा होतो. ते मान्य. पण निदान त्या फाट्यापर्यंत तरी बरोबर चालता येईल.

चंद्रकोर
माझाही एक शब्द घ्या यादीत. मी मुस्लिम. "देवाचा पुत्र" म्हटलं की आमच्या कानाला काय ऐकू जातं सांगू? की अल्लाहला बायको होती आणि त्यांना मूल झालं, तौबा. लहानपणी कुराणातल्या अगदी पहिल्यांदा पाठ होणाऱ्या सूऱ्यांमध्ये, म्हणजे अध्यायांमध्ये, ११२ वी असते, चारच ओळी, त्यात सरळ आहे की त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणापासून जन्मला नाही. म्हणजे तुमचं पहिलंच वाक्य माझ्या पहिल्या धड्यावर येऊन आपटतं.

आणि गंमत म्हणजे ईसांना, म्हणजे येशूला, आम्ही मानतो की! मसीह म्हणतो, कुमारी मरियमपासून जन्म मानतो, मरियमच्या नावाची अख्खी सूरा आहे, १९ वी. सुळावर गेले ते मात्र आम्ही मानत नाही, तो मोठा फरक आहेच. पण जो येतो तो मला येशू कोण होता हे श्रीगणेशापासून सांगायला लागतो, जसं काही नावच पहिल्यांदा ऐकतेय. एकदा तरी विचारा ना की तुम्ही त्यांच्याबद्दल काय ऐकलंय.

जुनी वही
चंद्रकोरताई, देवाला बायको होती असं ख्रिस्ती माणूसही मानत नाही, ते आम्हालाही तितकंच अभद्र वाटेल. "पुत्र" हे नात्याचं नाव आहे, शरीराचं नाही. त्या एका शब्दावरून आमच्यातच केवढं रण माजलं होतं, ३२५ साली निकियाला सगळीकडचे बिशप जमले ते याच भांडणावर, आणि शेवटी वाक्य ठरलं की जन्मलेला, पण निर्माण केलेला नाही. तीनशे वर्षं आपापसात बोलूनही ज्याचा नीट उलगडा होईना ते आम्ही लिफ्टमध्ये दोन मिनिटांत सांगायला जातो.

चंद्रकोर
हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. पटलं नाही ती गोष्ट वेगळी, पण तुम्ही काय म्हणत *नाही* ते तरी कळलं.

अर्धविराम
इतिहासवाला आहे, जरा लांबण लावतो. मात्तेओ रिच्ची, इटालियन जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मसंघातला मिशनरी, १५८२ ला मकावला पोचला, पुढच्या वर्षी चीनमध्ये शिरला. धर्माचा माणूस दिसावं म्हणून त्याने आणि त्याच्या सोबत्याने डोकं भादरलं आणि बौद्ध भिक्षूंचे कपडे घातले. हिशोब बरोबर वाटतो ना? पण तिथल्या शिकलेल्या अधिकारी वर्गात भिक्षूंना फारसा मानच नव्हता. म्हणजे हा वर्षानुवर्षं आपल्या अंगावरच्या कपड्यांनी एक सांगत होता आणि लोक भलतंच वाचत होते. १५९५ ला त्याने विद्वानांचा झगा घातला, दाढी वाढवली, कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुळातून वाचले आणि मग दारं उघडायला लागली. १६०१ ला पेकिंगला (आजचं बीजिंग) पोचला, १६१० ला तिथेच वारला, आणि पुरायला जागा खुद्द बादशहाने दिली.

पुढचा भाग जास्त चटका लावणारा आहे. रिच्चीचं म्हणणं होतं की पूर्वजांना मान देण्याचे चिनी विधी ही घराण्याची रीत आहे, मूर्तिपूजा नव्हे, ख्रिस्ती झालेल्याने ते केले तर चालतील. त्यावर नंतर शंभर वर्षं वाद. १७१५ ला पोपने साफ बंदी घातली, चिडलेल्या कांगशी बादशहाने १७२१ ला मिशनऱ्यांनाच प्रचार करायला मनाई केली, आणि रोमने ते विधी चालतील असं म्हटलं कधी, तर १९३९ ला! आपल्या पूर्वजांना नमस्कार करणं म्हणजे नेमकं काय हे त्या करणाऱ्यालाच विचारायला एवढा वेळ. तर दिवाबत्तीताई, तुमचा घोळ दहा मिनिटांत तुमच्या लक्षात आला, तुम्ही पुष्कळच पुढे आहात.

तर्ककर्कश
अर्धविराम, भारी. वाचनखूण साठवली.

हरवलेलं मेंढरू
मी एक वाईट प्रश्न विचारतो. मी तुमच्याच कळपातला, बावीस वर्षं, आता नाही. वरचं सगळं वाचून मला असं दिसतंय की जुनी पद्धत चालली नाही म्हणून आता नवीन पद्धत, ती म्हणजे ऐका. आधी ऐका, मग शब्द बदला, मग हळूच सांगा. म्हणजे ऐकणंसुद्धा ट्रिकच झाली की! मी युवक संघात असताना आमच्याकडे वही असायची, त्यात ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, समोर रकाना, "मैत्री झाली", "बोललो", "उपासनेला आला". मी सोडल्यानंतर एक जुना मित्र दर रविवारी फोन करायला लागला, इतका छान बोलायचा, मला वाटलं हा एक तरी उरला. मग कळलं की मी त्याच्या वहीत आहे.

चौथा कोपरा
माझ्याकडे अशी वही आहे.

रकाने नाहीत, नुसती नावं आहेत, सात. आणि मी खरंच रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, त्यात खोटं काही नाही. पण तुमचं वाचल्यावर आत्ता काढून बघितली तर सातपैकी दोघांना मी सहा महिन्यांत फोन केलेला नाही कारण त्यांनी "नको" म्हटलं होतं. प्रार्थना चालू आहे, फोन बंद. हे मला आत्तापर्यंत विचित्र का वाटलं नाही, माहीत नाही.

हरवलेलं मेंढरू
हे लिहिलंस ते बरं केलंस.

सुईदोरा
मी नर्स आहे आणि ख्रिस्ती आहे, आणि यात एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. कोण कोणाला सांगतंय यात ताकद कोणाच्या हातात आहे ते बघायला लागतं. रात्रीच्या ड्युटीला पेशंट घाबरलेला असतो, नातेवाईक बाहेर, आणि त्याचं सलाईन, त्याचं इंजेक्शन, बेडपॅन, सगळं माझ्या हातात. तेव्हा मी येशूबद्दल बोलले तर तो नाही म्हणू शकतो का? तोंडाने म्हणेल, पण मनात येईलच ना की सिस्टर नाराज झाली तर. मग त्याचा होकारही खरा नाही आणि नकारही खरा नाही. म्हणून माझा नियम आहे, ड्युटीवर मी विषय काढत नाही. त्याने विचारलं तर एका वाक्यात उत्तर, आणि प्रार्थना कर म्हणाला तर करते, तीही तुमच्या देवाचं नाव घेऊ की माझ्या असं आधी विचारून. एक आजोबा म्हणाले होते तुझ्याच देवाला सांग, आमच्याला सांगून झालंय.

जाता जाता, हे माझं एकटीचं खूळ नाही. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची समिती आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स, म्हणजे एरवी सहसा एकत्र न बसणारी तीन टोकं, त्यांनी मिळून एक छोटं निवेदन काढलं होतं, बहुधर्मी जगात साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपली श्रद्धा कशी सांगावी, यावर. त्यात स्पष्ट आहे की सेवेच्या कामात लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घ्यायचा नाही, आमिष दाखवायचं नाही, आणि आजाऱ्यांची सेवा करताना तर विशेष जपायचं. आमच्या मंडळीत मी ते दाखवलं तर निम्म्या लोकांना असं काही आहे हेच माहीत नव्हतं.

तर्ककर्कश
सुईदोरा, तुम्ही माझ्या हॉस्टेलला का नव्हतात.

जुनी वही
मेंढरू, तुझ्या प्रश्नाला बगल देणार नाही. (तू म्हणतोय, वय बघता चालेल ना.) ऐकणं ही ट्रिक आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, अगदी खरं. पण एक खूण आहे. ट्रिक असेल तर ऐकून ऐकणाऱ्यात काही बदलत नाही. येशूचा शिष्य पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, प्रेषितांची कृत्ये १०, शिकवायला गेला होता आणि तिथे पोचल्यावर त्याच्याच तोंडून निघालं, की आत्ता मला कळलं, देव तोंड बघून वागत नाही. त्या शताधिपतीचा बाप्तिस्मा झाला हे सगळे सांगतात, त्या दिवशी पेत्राचं काय झालं ते कोणी सांगत नाही. परक्याच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायला तो तयार नव्हता तिथून तो दिवस सुरू झाला होता.

माझंच सांगतो. तिशीत मी अंत्यविधीला हमखास एकच प्रवचन करायचो, आशेचं, विजयाचं. एकदा एका लहान मुलीच्या अंत्यविधीनंतर तिचा बाप, तो ख्रिस्ती नव्हता, आई आमच्यातली, मला म्हणाला, पाद्री साहेब, तुमच्या पुस्तकात नुसतं रडणं कुठे आहे का? शेवटी बरं न होणारं? मी घरी येऊन शोधलं. स्तोत्र ८८. बाकीची दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, हे वळतच नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. इतकी वर्षं पाळक असून मी ते कोणासमोर एकदाही वाचलं नव्हतं. त्या बापाने मला माझंच पुस्तक दाखवलं. पुढे तो ख्रिस्ती झाला का विचाराल, तर नाही झाला. मी मात्र ते अंत्यविधीचं प्रवचन बंद केलं.

हरवलेलं मेंढरू
८८ वाचलं. धन्यवाद. एवढंच.

चौथा कोपरा
जुनी वही काका, तरी माझा एक मुद्दा उरतोच. ऐकून घ्या, ताकद वापरू नका, सगळं मान्य. पण शेवटी आपण काहीतरी सांगतो की नाही? नुसतं ऐकत राहिलं तर समोरच्याला वाटेल याच्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच.

अमावस्या
मी उत्तर देऊ का, समोरच्या बाजूने? सांगा ना. मला राग सांगण्याचा येत नाही. ध्यानाला बसून मला काय मिळालं ते मीही सांगतेच लोकांना, कोणी विचारलं नाही तरी, घरचे वैतागतात. मला राग येतो तो माझं उत्तर आधीच ठरवून आलेल्याचा.

चंद्रकोर
+१. आणि माझी मतं मलाच समजावून सांगणाऱ्याचा.

दिवाबत्ती
सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, ऑफिसातून आत्ताच आलेय. आज दुपारी मैत्रिणीला गाठलं. आधी सॉरी म्हटलं, की परवा तू विचारलंस आणि मी भाषण ठोकलं. ती म्हणाली अगं तू काय वाईट बोलली नाहीस, मला फक्त भीती वाटली. मग मी विचारलं, तुला कशी वाटते ती आता, कुठे? तर ती अर्धा तास बोलली. शेवटच्या महिन्यात आई तिलाच आई म्हणायला लागली होती हे मला माहीतच नव्हतं. मी काही म्हटलं नाही, म्हणजे म्हणायला सुचलंच नाही.

मग तिनेच विचारलं, तुमच्या बायबलमध्ये कोणी गेल्यावर येशू काय करतो? नवा जन्म वगैरे नको सांगूस. मी मोबाईलवर योहान ११ काढून दिलं, लाजराचं, येशूचा मित्र मरतो ते. त्याच्या बहिणी येशूला म्हणतात, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. ते तिने दोनदा वाचलं, म्हणाली हे मी पण म्हटलंय, डॉक्टरांना. आणि मग पुढे एक ओळ आहे, "येशू रडला", दोनच शब्द. तिथे थांबली. मला म्हणाली, पण याला माहीत होतं ना की पाच मिनिटांनी तो त्याला उठवणारे? मग रडला कशाला?

मी लहानपणापासून ती ओळ वाचतेय, मला हा प्रश्न कधी पडला नाही. म्हटलं, माहीत नाही गं. ती म्हणाली मग शोधून ठेव, सोमवारी सांग.

काका, आहात का?

जुनी वही
आहे. चाळीस वर्षं शोधतोय. सोमवारी तिला काय वाटतं ते मला येऊन सांग.